बफेलोत नोव्हेंबर कसा जाईल? वाऱ्याची दिशा वाचायला शिका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला आलात. घर उत्तरेला अ‍ॅमहर्स्टमध्ये आणि नोकरी दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये. आई-बाबा नोव्हेंबरभर तुमच्याकडे राहणार आहेत. थँक्सगिव्हिंगला सगळ्यांनी गाडीने क्लीव्हलँडला मावसभावाकडे जायचं ठरतंय. फोनवरचं अ‍ॅप अख्खा नोव्हेंबर 'ढगाळ, ६ अंश' दाखवतंय आणि ऑफिसातले लोक सांगतायत की इथे एका रात्रीत कमरेपर्यंत बर्फ पडतो. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

दोघांचंही बरोबर आहे. तुमचा खरा प्रश्न 'नोव्हेंबर किती थंड असेल' हा नसून 'बर्फ नेमका कोणाच्या दारात पडेल, आणि ते मला किती आधी कळेल' हा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

मी गेली १८ वर्षं अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पाच महातलावांच्या पट्ट्यात हवामानाच्या अंदाजाचं काम करते. माझे ग्राहक म्हणजे पार्किंगमधला बर्फ काढणारे कंत्राटदार, ट्रकवाले आणि शाळेच्या बस चालवणारे. महिना सरासरीपेक्षा थंड की उबदार, याचं त्यांना फारसं काही नसतं. पहाटे ३ वाजता प्लाऊ, म्हणजे बर्फ हटवणाऱ्या गाड्या, कोणत्या रस्त्यावर पाठवायचे, एवढंच त्यांना हवं असतं. त्यामुळे माझं सगळं उत्तर त्याच अंगाने जाणार आहे.

सरासरीचं आधी संपवून टाकू. बफेलोत नोव्हेंबरमध्ये दिवसाचं तापमान साधारण ८-९ अंशांपर्यंत जातं, रात्री १-२ अंशांवर येतं. महिन्याच्या सुरुवातीला स्वेटर पुरतो, शेवटी जाड कोट लागतो. सूर्य फार कमी दिसतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि महिनाअखेर संध्याकाळी पावणेपाचलाच सूर्यास्त होतो. तुमच्या आई-बाबांना थंडीपेक्षा या अंधाराचा त्रास जास्त होईल, असं मला अनेक घरांच्या अनुभवावरून वाटतं. सकाळी जेवढा उजेड असेल तेवढ्यात त्यांना रोज बाहेर काढा. विमानतळावर मोजलेल्या बर्फाची सरासरी अख्ख्या हंगामात सुमारे ९५ इंच आहे आणि त्यातला नोव्हेंबरचा वाटा ७-८ इंचांचा. अ‍ॅप हेच सांगतंय आणि त्यात चूक काही नाही. पण ही सरासरी म्हणजे काही कोरडी वर्षं आणि एखादं भयंकर वर्ष यांची बेरीज करून केलेला भागाकार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चार दिवसांत ऑर्चर्ड पार्कमध्ये, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या गावात, ८० इंच बर्फ पडला. २ मीटरहून जास्त!

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण एकदा कारण कळलं की अंदाज वाचणं सोपं जातं.

बफेलोच्या काठचा ईरी तलाव सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त ९२ किलोमीटर आहे. पण सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. पाच महातलावांत हाच सगळ्यात उथळ. त्यामुळे उन्हाळ्यात तो लवकर तापतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बफेलोजवळ पाणी अजून १२-१३ अंशांच्या आसपास असतं, महिनाअखेर ते ७-८ अंशांवर येतं. याच महिन्यात कॅनडाकडून ध्रुवीय हवेचे पहिले झोत उतरायला लागतात. थंडीच्या पहाटे अंगणात घंगाळातल्या कढत पाण्यावर वाफ कशी उठते, तसंच इथे होतं, फक्त घंगाळ ३८८ किलोमीटरचं असतं. गार हवा कोमट पाण्यावरून सरकते, खालून ऊब आणि बाष्प उचलते, वर चढते, आणि किनाऱ्याला येईपर्यंत तिचे बर्फाचे ढग झालेले असतात.

आमच्या कामात एक जुना ठोकताळा आहे. तलावाच्या पाण्याचं तापमान आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यांत निदान १३ अंशांचा फरक हवा. पाणी १० अंशांवर असेल तर वर उणे ३ किंवा त्याखाली. नोव्हेंबरच्या मध्याला वर उणे ८-१० ची हवा येणं काही विशेष नाही, म्हणजे फरक सहज १८-२० चा होतो. असा फरक असताना ढगात विजा चमकतात, गडगडाट होतो आणि तासाला ३ इंच किंवा त्याहून वेगाने बर्फ साचतो. जानेवारी-फेब्रुवारीत ईरी बरेचदा गोठतो आणि मग हा कारखाना बंद पडतो, किंवा निदान मंदावतो. सरासरी १४७ मीटर खोलीच्या सुपीरियर तलावाचं तसं नसतं, तिकडे हंगाम लांबतो. म्हणून बफेलोसाठी नोव्हेंबर आणि डिसेंबर हेच जपायचे महिने. १९७० च्या दशकापासून तलावांवरच्या बर्फाचं आच्छादन मोजलं जातंय आणि ते एकूण कमी होत चाललंय, त्यामुळे कारखाना बंद व्हायची वेळही पुढे सरकते आहे.

पण फरक २० अंशांचा असला तरी तुमच्या घरी एक कणही पडणार नाही, असं होऊ शकतं. इथे वारा येतो.

ईरी तलाव नैर्ऋत्य-पश्चिमेकडून ईशान्य-पूर्वेकडे पसरलेला आहे आणि बफेलो त्याच्या पूर्वेच्या टोकाला बसलंय. वारा बरोबर तलावाच्या लांबीवरून वाहिला की त्याला पाण्यावरून सगळ्यात जास्त अंतर मिळतं आणि सगळं बाष्प एकाच लांब, अरुंद पट्ट्यात गोळा होतं. इथे सगळे त्याला 'बँड' म्हणतात. रुंदी कधी १० किलोमीटर, कधी ३०-४०. पट्ट्याखाली हात पुढे केला तर हात दिसत नाही, आणि पट्ट्याबाहेर ऊन. महाबळेश्वरला धो धो आणि खाली वाईत उघडीप, हे तुम्ही पाहिलं असेल. तेवढाच तीव्र फरक, पण महाबळेश्वरचा डोंगर जागचा हलत नाही आणि हा पट्टा हलतो. सगळी अडचण तिथेच आहे.

साधी भूमिती करून बघा. वारा पाण्यावरून १०० किलोमीटर चालून आला आणि त्याची दिशा फक्त ५ अंशांनी बदलली, तर किनाऱ्यावर तो साधारण ९ किलोमीटर बाजूला पोहोचतो. तुमचं घर आणि ऑफिस यांत सरळ रेषेत २०-२५ किलोमीटर अंतर असेल. म्हणजे वाऱ्याच्या दिशेत १०-१५ अंशांची चूक झाली, की माझा अंदाज अ‍ॅमहर्स्टऐवजी ऑर्चर्ड पार्कला लागू होतो. दिवसभर आधी वाऱ्याची दिशा १० अंशांच्या आत बरोबर सांगणं हे चांगलं काम मानलं जातं. तरीही तेवढं पुरत नाही.

१८ नोव्हेंबर २०१४ ची सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. मी शहराच्या उत्तरेला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी होते. डोक्यावर निळं आकाश, गाड्यांच्या टपांवर जेमतेम पांढरी भुरभुर. आणि दक्षिणेला क्षितिजापासून वरपर्यंत एक करडी-पांढरी भिंत, तिची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. मधूनच तिच्या पोटात वीज चमकायची. त्या भिंतीच्या आत माझे चार ग्राहक होते. त्यातल्या एकाने फोनवर सांगितलं की घराचं दार आत उघडलं तर समोर छातीपर्यंत बर्फ उभा आहे आणि त्यावर दाराच्या नक्षीचा ठसा उमटलाय. त्या वादळात दक्षिणेकडच्या काही भागांत ५ फुटांहून जास्त बर्फ पडला आणि शहराच्या उत्तर टोकाला काही इंच. थ्रूवेवर, म्हणजे तुम्हाला क्लीव्हलँडला नेणाऱ्या त्याच आय-९० महामार्गावर, गाड्या अडकल्या. एका विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची बस तर दिवसभराहून जास्त काळ जागची हलली नाही.

या वादळाची चाहूल किती आधी लागली होती, हे तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नुरी नावाच्या चक्रीवादळाचे अवशेष बेरिंग समुद्रात जाऊन प्रचंड खवळले. त्यामुळे उंचावरच्या वेगवान वाऱ्याला, म्हणजे जेट प्रवाहाला, मोठी वेलांटी पडली आणि ध्रुवीय हवा उत्तर अमेरिकेत खोल उतरणार हे ८-१० दिवस आधी दिसायला लागलं. म्हणजे 'मध्य नोव्हेंबरात कडक थंडी' हे आम्हाला कळलं होतं. 'तलावाचा बर्फ पडणार, आणि मोठा' हे ३-४ दिवस आधी. 'दक्षिणेकडच्या उपनगरांत' हे दीड-दोन दिवस आधी. आणि 'या रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे' हे त्या दिवशी रडारवर बघूनच.

दरवर्षी असंच होतं. तीन महिन्यांचा हंगामी अंदाज म्हणजे 'सरासरीपेक्षा उबदार असण्याची शक्यता ४० टक्के' अशा भाषेतला. तो वाचताना लक्षात घ्या की काहीच माहीत नसतानाही उबदार, सरासरीइतका आणि थंड या तिन्ही शक्यता ३३-३३ टक्के असतातच, म्हणजे ४० हा फार मोठा झुकाव नाही. ला निना, एल निनो यांचा परिणाम या भागात असतो, पण नोव्हेंबरच्या एखाद्या आठवड्याचा निकाल त्यावर लागत नाही. २०२२ ला ला निना होती, २०१४ ला प्रशांत महासागर एल निनोकडे झुकलेला होता. दोन्ही नोव्हेंबरांत दक्षिण बफेलो गाडलं गेलं. आणि एक गोष्ट बरेच जण उलटी समजतात: उबदार गेलेला ऑक्टोबर म्हणजे सुटका नव्हे. ऑक्टोबर उबदार गेला तर पाणी उबदार राहतं, आणि मग थंडीचा एकच झोत पुरतो.

तुमचं अ‍ॅप मोठा बर्फ दाखवत नाही, त्यालाही कारण आहे. दहा दिवसांपुढे ते बहुतेक जुनी सरासरीच दाखवतं. जवळच्या दिवसांतही जी संगणकीय मॉडेलं १०-१५ किलोमीटरच्या चौकटीत हवा मोजतात, त्यांना १५ किलोमीटर रुंदीचा पट्टा धड दिसत नाही. तो पसरट होऊन 'हलका बर्फ' एवढाच उरतो. ३ किलोमीटर चौकटीची मॉडेलं तो पकडतात, पण ती दोन-अडीच दिवसांपुढे जात नाहीत. म्हणून आदल्या दिवशी चित्राऐवजी मजकूर वाचा. राष्ट्रीय हवामान सेवेचं बफेलोचं कार्यालय दिवसातून अनेकदा 'फोरकास्ट डिस्कशन' नावाचं लिखाण टाकतं. अंदाज करणारी माणसं त्यात आपली शंकाही मोकळेपणाने लिहितात: पट्टा संध्याकाळी उत्तरेला सरकेल, पण कधी ते नक्की नाही, असं. ती शंकाच सगळ्यात उपयोगाची असते. भाषा थोडी तांत्रिक आहे, पण आठवडाभर वाचलीत की सरावाल.

त्यात वाऱ्याची दिशा शोधा. ढोबळ मानाने: नैर्ऋत्येचा वारा असेल तर पट्टा बफेलो शहर आणि उत्तरेकडे, म्हणजे तुमच्या घराकडे. तो आणखी दक्षिणेकडून यायला लागला तर नायगाराच्या बाजूला. पश्चिम-नैर्ऋत्येचा असेल तर दक्षिणेकडची उपनगरं, म्हणजे तुमचं ऑफिस. पश्चिम-वायव्येचा झाला की एक मोठा पट्टा मोडून लहान लहान होतात आणि बर्फ दक्षिणेच्या डोंगराळ भागात आणि क्लीव्हलँडच्या वाटेवरच्या ईरी शहराच्या किनाऱ्यावर जातो. हे सगळं तलावावरच्या वाऱ्याबद्दल आहे, तुमच्या अंगणातल्या नव्हे. जमिनीवर घरं-झाडांमुळे वारा फिरतो.

एक चूक मी स्वतः केलेली आहे, ती सांगते कारण तुम्हालाही तीच फसवेल. काही वर्षांपूर्वी एका नोव्हेंबरात पट्टा रात्रभर दक्षिणेलाच बसेल असं मी एका कंत्राटदाराला कळवलं. त्याने सगळे प्लाऊ तिकडे लावले. पण पश्चिमेकडून हवेचा एक लहानसा कमी दाबाचा भाग येत होता. तो जवळ येताना वारा आधी जास्त दक्षिणेकडून यायला लागतो, पट्टा उत्तरेला उचलला जातो, आणि तो भाग पुढे गेला की पट्टा परत दक्षिणेला कोसळतो. मला हे माहीत होतं, पण तो भाग पहाटे येईल असं मी धरलं होतं. तो मध्यरात्रीच आला. उत्तरेकडच्या एका गोदामाच्या आवारात १४ इंच बर्फ साचला आणि तिथे एकही यंत्र नव्हतं. पहाटेच्या पाळीची माणसं रस्त्यावर गाड्या सोडून चालत आत गेली. तेव्हापासून मी पट्ट्याची जागा कधीच एकटी सांगत नाही, तो कोणत्या वेळी हलेल हेही सांगते. तुम्ही सकाळी निघताना ऊन असेल, तरी 'दुपारनंतर पट्टा सरकणार' हे वाक्य कुठे आहे का ते बघा. २० नोव्हेंबर २००० ला बफेलोत दोन फुटांच्या आसपास बर्फ पडला, आणि तो नेमका दुपार-संध्याकाळच्या परतीच्या वेळेला. हजारो लोक गाड्यांत अडकले, शाळेची मुलं रात्री उशिरापर्यंत घरी पोहोचली नाहीत.

रडारबद्दलही एक इशारा. हे ढग बुटके असतात, बरेचदा २-३ किलोमीटरच उंच. रडारचा झोत दूर जाईल तसा वर चढतो आणि त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. बफेलोजवळ चित्र विश्वासार्ह असतं. ईरी शहराच्या आसपास रडार कोरं दिसलं म्हणून रस्ता कोरा आहे असं समजू नका.

आता तुमचं नेमकं. कामावर जाण्याबद्दल: तुमचं घर आणि ऑफिस बरेचदा वेगवेगळ्या हवामानात असणार, हे साहेबांना आत्ताच सांगून ठेवा. इथले लोक समजून घेतात. हवामान सेवेचं 'वॉच' (मोठा बर्फ शक्य) लागलं की घरून काम करायची तयारी ठेवा, 'वॉर्निंग' (बर्फ जवळजवळ नक्की) लागलं की जाऊ नका. काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, 'ट्रॅव्हल बॅन' (प्रवासबंदी) जाहीर केला तर गाडी बाहेर काढणं हा गुन्हा आहे, सल्ला नव्हे. विंटर टायर नोव्हेंबर लागायच्या आत घालून घ्या. तापमान ७ अंशांखाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं, बर्फ असो वा नसो. गाडीत दोन जाड पांघरुणं, फावडं, पाणी, खाणं, फोनचा चार्जर आणि टाकी निम्म्याच्या वर. अडकलात आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून मागचा एक्झॉस्ट पाइप मोकळा करा. तो बर्फाने बुजला की विषारी वायू आत भरतो आणि त्याला वास नसतो.

आई-बाबांना नायगारा दाखवायचा असेल तर पहिल्या पंधरवड्यात, कोरड्या दिवशी न्या. तलावाच्या काठावर मात्र नैर्ऋत्येचं सोसाट्याचं वारं असताना नेऊ नका. ते वारं तलावाचं पाणीच ढकलत बफेलोच्या टोकाला आणतं, पातळी काही तासांत काही फुटांनी चढते आणि लाटा रस्त्यावर येतात. नोव्हेंबरची वादळं या तलावांवर फार जुनी आहेत. १० नोव्हेंबर १९७५ ला सुपीरियर तलावात एडमंड फिट्झजेराल्ड हे लोहखनिज नेणारं मोठं जहाज २९ माणसांसह बुडालं.

आणि एक कळकळीचं: बाबांच्या हातात फावडं देऊ नका. ते म्हणतील की सवय आहे, मी करतो. २०१४ आणि २०२२ दोन्ही वादळांत बर्फ उपसताना हृदयविकाराने माणसं गेली. नोव्हेंबरचा बर्फ ओला आणि जड असतो, गार हवेत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, आणि साठीच्या माणसाला छातीतलं दुखणं आधी थकवाच वाटतं. प्लाऊवाल्याशी हंगामाचा करार आत्ताच करून टाका, पहिल्या बर्फानंतर कोणी फोन उचलत नाही.

क्लीव्हलँडचं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं आणि आय-९० जवळजवळ सगळा वेळ तलावाच्या काठाने जातो. त्याच किनाऱ्यावर द्राक्षांचे मळे आहेत, कारण तलावाच्या उबेमुळे तिथे दव उशिरा गोठतं. तीच ऊब पश्चिम-वायव्येचा वारा आला की बर्फ होऊन रस्त्यावर पडते. २०२४ ला थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवार-रविवारी या रस्त्याचे काही भाग बंद करावे लागले होते. ईरी शहरात २०१७ च्या नाताळच्या एका दिवसात ३४ इंच पडला. जाण्याचा बेत रद्द करू नका, फक्त तारीख घट्ट बांधू नका. बुधवारी सकाळी निघायचं ठरवा, मंगळवारी संध्याकाळी अंदाज वाचा, आणि पट्टा रस्त्यावर बसलेला असेल तर ६-८ तास थांबा. तो बहुतेक वेळा सरकतो. परतीचा प्रवास रविवारी ठेवला असेल तर मुक्काम एका रात्रीने वाढू शकतो हे मावसभावाला आधीच सांगा, सोमवारची रजा मागून ठेवा, आणि आई-बाबांची औषधं दोन दिवसांची जास्त बरोबर घ्या.